प्रत आपल्या घरी असावी

ज्येष्ठ शुद्ध पंचमी म्हणजे आपली श्रुतपंचमी. त्या दिवशी बस्तीतलं शास्त्राचं कपाट उघडतं, पोथ्या बाहेर निघतात, धूळ झाडून नवं वेष्टन बांधलं जातं. गिरनारच्या गुहेत धरसेन आचार्यांना काळजी पडली होती, की आपल्या माघारी हे ज्ञान कोण सांभाळणार? त्यांनी ते पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना शिकवलं, आणि त्यांनी षट्खंडागम लिहून काढला. लिखाण पुरं झालं तो हा दिवस, असं आपली परंपरा सांगते.

पण लिहिलं म्हणजे टिकलं, असं नाही. पुढची हकीकत बायकांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे. षट्खंडागमावरच्या धवला टीकेची ताडपत्रं कित्येक शतकं एका मूडबिद्रीतच राहिली होती. यात्रेकरूंनी जायचं, हात जोडायचे, परत यायचं. वाचायला कोणाला मिळत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी खटपट केली, तेव्हा नक्कल करायला सुरुवात झाली. ती नक्कलही बाहेर जायची नव्हती. मग नक्कल करणाऱ्या गजपती उपाध्यायांनी गुपचूप आणखी एक कानडी प्रत तयार केली. या कामात त्यांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांचा हात होता. ती प्रत सहारनपूरला गेली, तिच्यावरून देवनागरी प्रती निघाल्या, आणि १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून धवलेचा पहिला खंड छापून काढला. पुढं १६ खंड झाले. आज तुमच्या-माझ्या बस्तीत तो ग्रंथ आहे, त्यात त्या चोरून केलेल्या प्रतीचा वाटा मोठा.

त्याच्याही नऊशे वर्षं आधी आपल्याच मुलखात अत्तिमब्बे होऊन गेली. गदगजवळच्या लक्कुंडीत तिनं बांधलेलं जिनालय अजून उभं आहे. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या तिनं एक हजार प्रती करवून वाटल्या. छापखाना नव्हता, एकेक पान हातानं कोरायचं! एक प्रत जळेल, एक वाळवी खाईल, पण हजार घरांतल्या हजार प्रती एकदम जाणार नाहीत, हे शहाणपण त्यात आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं कशापायी? तर गाण्यांपायी. ग्रंथाचं जे, तेच गाण्याचं.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचं गाणं तबकडीवर उतरलं आणि घरात गाणं ठेवता येतं हे लोकांना कळलं. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. पण ते परत परत लावता येई. बेळगावजवळ सुळेभावीला १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळी हा पोरगा असल्याच तबकड्या ऐकून थोर गवयांचं गाणं हुबेहूब म्हणून दाखवी. तेच पुढं कुमार गंधर्व. आणि तबकड्यांचा काळ सरल्यावर त्या राखल्या कोणी? बऱ्याच तर साध्या घरगुती शौकिनांनीच. मुंबईत १९९० साली असल्या संग्राहकांची संस्थाच उभी राहिली.

मग कॅसेट आली. आमच्या खडेबाजारात कोरी कॅसेट मिळायची, आणि घरात एखादा टेपरेकॉर्डर असला की बायका त्यात बोलायच्या, गायच्या. महावीर जयंतीचा पाळणा, डोहाळे, आरत्या, जात्यावरच्या ओव्या. एक कडवं मराठी, पुढचं कानडी, असंही.

आता कॅसेट गेली, सीडी गेली, हातात फोन आला. महिन्याला थोडे पैसे भरा, कोट्यवधी गाणी ऐका. सोयीचं आहे, मीही ऐकते. पण हे भाड्याचं घर आहे, बघा. मालकाचं आणि कंपनीचं फिसकटलं की सामान बाहेर. २०२३ च्या मार्चमध्ये स्पॉटिफाय आणि झी म्युझिक यांचा करार पुढं सरकला नाही आणि झीची गाणी एकाएकी दिसेनाशी झाली. २०२४ साली एअरटेलचं विंक ॲपच बंद झालं. परदेशात मायस्पेस नावाच्या जागेवर लोकांनी वर्षानुवर्षं आपलं गाणं ठेवलं होतं. २०१५ च्या आधीचं ते सारं गेलं, हे २०१९ मध्ये उघड झालं. मी स्वतः एका ॲपवर पर्युषणात ऐकायला स्तवनं लावून ठेवली होती. पुढच्या वर्षी त्यातली चार करडी पडलेली. बोट दाबलं तरी काही वाजेना.

विकत मिळणारं गाणं एक वेळ दुसरीकडं मिळेल. पण तुमच्या आज्जीचा पाळणा कुठल्या ॲपवर आहे? तो कुठल्याच कंपनीच्या यादीत नाही. त्याची एकच प्रत, ती माळ्यावरच्या डब्यात, आणि टेपवर बुरशी चढायला लागली आहे. मूडबिद्रीच्या ताडपत्रांसारखीच गत.

काम काही अवघड नाही. चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर मिळवा. त्याच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर कॉम्प्युटरला जोडा. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ध्वनी उतरतो. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, तेवढी उसंत काढा. विकत घेतलेल्या सीडीही अशाच उतरवून घ्या. दुसऱ्याची चोरी नको, अचौर्य आपलं व्रतच आहे, पण आपल्या पैशानं घेतलेलं सांभाळायला कोणाची ना आहे? पाच मिनिटांचं एमपीथ्री गाणं साधारण ५ एमबी जागा घेतं. म्हणजे ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर बारा हजारांच्या घरात गाणी बसतात. पण एकावर भिस्त ठेवू नका. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक हार्डडिस्कवर, आणि एक बहिणीच्या किंवा लेकीच्या घरी, दुसऱ्या गावात. वर्षातून एकदा, श्रुतपंचमीलाच म्हणा ना, सगळं वाजवून बघा.

आणि फाइलला नाव देताना नुसतं ‘पाळणा १’ लिहू नका. गाणारीचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, साल, सगळं लिहा. नकलेच्या हकीकतीत लक्ष्मीबाईंचं नाव कोणीतरी आठवणीनं नोंदलं, म्हणूनच आज ते आपल्या तोंडी आलं.