कळंबोलीचा नाका आणि वाहनचालनातील स्त्री-पुरुषभेद

स्त्रिया वाहन बिचकत चालवितात आणि पुरुष बेदरकारपणे चालवितात, हा समज इतका रूढ आहे की त्यासाठी पुराव्याची अपेक्षाही कोणी करीत नाही. परंतु सवयीचे मूळ स्वभावात शोधण्यापूर्वी कोणते वाहन, कोणत्या रस्त्यावर, कोणाच्या हाती आले याचा इतिहास पाहावयास हवा. त्या दृष्टीने पनवेलनजीकचे कळंबोली हे गाव उद्बोधक ठरते.

मुंबईतील लोखंड-पोलादाच्या व्यापारासाठी सिडकोने येथे बाजार वसविला. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यावर मालमोटारींची वर्दळ आणखी वाढली. मालमोटार चालविण्याची विद्या मात्र परंपरेने शाळेत मिळाली नाही. कोवळ्या वयाचा मुलगा क्लीनर म्हणून गाडीवर चढे, रात्री गाडीतच झोपे आणि उस्तादाच्या शेजारी बसून घाट शिके. १९३९ व १९८८ या दोन्ही मोटार वाहन कायद्यांनी परवान्यास वयाची अट घातली, लिंगाची नाही. मुलीला अडविले ते कायद्याने नव्हे, तर या शिक्षणपद्धतीने. एस. टी. १९४८ मध्ये धावू लागली. तिच्या चालकाच्या आसनावर स्त्री आली ती २०२३ मध्ये.

स्त्रियांचा रस्त्यावरील प्रवेश निराळ्या वाहनाने झाला. पायाने बदलावयाचा गिअर व किक ही नेसत्या लुगड्याला अडचणीची होती. १९७२ मध्ये आलेली लूना आणि १९८४ मधील बटनाने सुरू होणारी, गिअर बदलावा न लागणारी कायनेटिक होंडा यांनी ती अडचण दूर केली. शाळा, मंडई, कचेरी असे जवळचे पल्ले या वाहनांच्या आवाक्यात आले. २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू होतो आणि त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. म्हणजे ज्या वाहनाने स्त्रीला रस्त्यावर आणले, त्याची वाट या नाक्यापाशीच खुंटते.

भाषेतही हा इतिहास साठला आहे. ‘गाडीवान’ या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप रुळले नाही. ‘चालक’ म्हटले की पुरुष गृहीत धरला जातो आणि स्त्रीसाठी ‘महिला’ हे विशेषण जोडावे लागते. ‘पुरुष चालक’ असे सहसा कोणी म्हणत नाही.

जेथे शिक्षण व मार्ग समान असतात, तेथे काय घडते? सातारा जिल्ह्यातील सुरेखा यादव १९८९ मध्ये रेल्वेत सहायक चालक झाल्या. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी डेक्कन क्वीन पुण्याहून बोरघाट उतरून मुंबईस आणली. तेथे गती ठरविली ती सिग्नलाने व वेळापत्रकाने. चालक स्त्री की पुरुष, हा प्रश्न उरला नाही.

भारतात रस्त्यावरील अपघातांत मृत्यू पावणाऱ्या दर दहांपैकी आठांहून अधिक पुरुष असतात. यावरून स्त्रिया जात्याच सावध, असा निष्कर्ष काढणेही तितकेच उतावीळपणाचे होय. कोण किती अंतर, कोणत्या वेळी, कोणत्या वाहनाने गेले हे मोजल्याखेरीज ती तुलना अपुरी राहते. ज्यांना लांबचा रस्ताच उशिरा मिळाला, त्यांच्या चालविण्याच्या रीतीस स्वभाव म्हणणे म्हणजे इतिहासाला निसर्ग समजणे होय.