लोकलहोस्ट आणि हरवलेली कॉन्फिग फाइल

वेब सर्व्हरला साइट कुठे ठेवली आहे हे सांगावे लागते आणि ते काम कॉन्फिग फाइल करते. अमेरिकेतील एनसीएसएमध्ये रॉब मॅककूल यांनी लिहिलेल्या सर्व्हरवरून १९९५ मध्ये अपाची तयार झाला. त्याच्या सेटिंग आधी तीन फाइलींत विभागलेल्या असत, पुढे त्या एका ‘एचटीटीपीडी.कॉन्फ’मध्ये आल्या. सोय झाली, पण सगळी भिस्त एका फाइलीवर आली.

१९९७ च्या एचटीटीपी १.१ मुळे ब्राउझर प्रत्येक मागणीसोबत साइटचे नाव पाठवू लागला आणि एकाच आयपी पत्त्यावर अनेक साइट नांदू लागल्या. स्वतःच्या संगणकावर साइट बनवणाऱ्याला मग दोन नोंदी कराव्या लागत: अपाचीच्या व्हर्च्युअल होस्टमध्ये नावापुढे फोल्डर, आणि ‘होस्ट्स’ फाइलीत त्याच नावापुढे १२७.०.०.१, म्हणजे लोकलहोस्टचा, आपल्याच संगणकाचा पत्ता. ही होस्ट्स फाइल अर्पानेटच्या काळातल्या नाव-पत्त्यांच्या यादीची वारसदार. १९८३ मध्ये डीएनएस आले, तरी ती संगणकात टिकून राहिली.

२००२ मध्ये सुरू झालेल्या अपाची फ्रेंड्स प्रकल्पाच्या झॅम्पने सर्व्हर, डेटाबेस आणि पीएचपी एकाच इन्स्टॉलरमध्ये दिले, आणि लोकलहोस्ट विद्यार्थ्यांच्याही हाती आला. त्याबरोबर फाइल हरवण्याचे प्रसंगही आले. व्हर्च्युअल होस्टची फाइल गेली की साइट उघडत नाहीत, महिन्यांचे काम बुडाल्यासारखे वाटते. पण सातबारा हरवला तरी शेत जागेवरच असते. झॅम्पच्या ‘एचटीडॉक्स’मधले साइटचे फोल्डर शाबूत असतात, नावे होस्ट्स फाइलीत सापडतात, आणि नोंदी पुन्हा लिहिता येतात.

२००३ च्या वर्डप्रेसमध्ये ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ गेली तरी असेच. सोबत आलेली नमुना फाइल उघडायची; डेटाबेसचे नाव पीएचपीमायअॅडमिनमध्ये दिसते, टेबलांचा उपसर्ग त्यांच्या नावांतच असतो. गुप्त किल्ल्या नव्या घातल्या तर फक्त पुन्हा लॉगिन करावे लागते.

जास्त नुकसान होते ते नंतरच्या घाईने. झॅम्प पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी अनेक जण डेटाबेसचे तेवढे फोल्डर उचलून ठेवतात आणि शेजारची ‘आयबीडेटा१’ विसरतात. डेटाबेसमधल्या इनोडीबी प्रकारच्या टेबलांची नोंदवही त्याच फाइलीत असते. ती नसली की टेबलांची नावे यादीत दिसतात, पण टेबल उघडत नाही. म्हणून आधी सर्व्हर बंद करून ‘डेटा’ फोल्डर अख्खे कॉपी करावे, बाकीचे नंतर.

२०१६ मध्ये आलेले वर्डप्रेससाठीचे ‘लोकल’ हे साधन सगळ्या साइटची यादी एका जेसन फाइलीत ठेवते, साइट मात्र वेगळ्या फोल्डरांत असतात. यादी गेली तरी फोल्डरांवरून साइट परत उभी करता येते. २००५ चे गिट आणि २०१३ चे डॉकर रुळल्यावर बहुतेक सेटिंग कोडसोबतच राहू लागल्या. पासवर्डची ‘.ईएनव्ही’ फाइल तेवढी सुरक्षेसाठी गिटबाहेर ठेवतात. तिची प्रत आजही वेगळीच जपावी लागते.