कंसातला गूळ : राधानगरीच्या मजुराला विम्यातून बाहेर कोणी ठेवले?

'सर्वांना मोफत आरोग्यसेवा' असे नुसते म्हटले तरी एक ठरलेला प्रश्न अंगावर येतो : पैसा कुठून आणणार? विचारणारा बहुधा असा असतो, की ज्याचा विमा त्याची कंपनी भरते, नाहीतर सरकार भरते. भोगावतीच्या खोऱ्यात रोजाने भांगलणीला जाणारी बाई हा प्रश्न विचारत नाही. पैसा कुठून येतो हे तिला पक्के ठाऊक आहे. तिच्याच कनवटीतून येतो, आणि तिथे नसला की सावकाराकडून, बचत गटाकडून किंवा मुकादमाच्या उचलीतून.

राष्ट्रीय नमुना पाहणीची ७५ वी फेरी जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात झाली. बाळंतपण सोडून, देशाच्या ग्रामीण भागातला माणूस खासगी रुग्णालयात एकदा दाखल झाला तर सरासरी वैद्यकीय खर्च २७,३४७ रुपये आणि सरकारी रुग्णालयात ४,२९० रुपये. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २०१ रुपये होती. भागाकार करून बघा. खासगीतले एक आजारपण म्हणजे १३६ दिवसांची मजुरी. कायद्याने हमी दिलेले शंभरच्या शंभर दिवस काम मिळाले तरी २०,१०० रुपयेच होतात, म्हणजे वर्षभराची हमी संपून वर सात हजारांचे कर्ज उरते. 'मोफत' समजल्या जाणाऱ्या सरकारी दवाखान्यातही एकवीस दिवस जातात. पेशंटजवळ बसणाऱ्याचा बुडालेला रोज यात धरलेला नाही.

म्हणजे गरीब माणूस आरोग्यासाठी पैसे भरत नाही, हे खोटे आहे. तो भरतो, एका रात्रीत भरतो आणि भरल्यावर कर्जात उभा राहतो. प्रश्न इतकाच आहे की हाच पैसा कोणाकोणाकडून, कधी आणि कोणत्या प्रमाणात गोळा करायचा. हा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच निघाला होता आणि त्याचे बरेचसे उत्तरही तयार झाले होते. ते उत्तर राधानगरीपर्यंत का पोहोचले नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

सुरुवात राधानगरीपासूनच करू. भोगावती अडवण्याचे काम राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले. पैशाअभावी ते रेंगाळले आणि धरण पुरे व्हायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. पण त्या पाण्याने खालचा पट्टा उसाचा झाला. ऊस आला तशी गुऱ्हाळे वाढली, साखर कारखाने आले आणि महाराजांनीच वसवलेली शाहूपुरी गुळाची पेठ म्हणून नावारूपाला आली. या जिल्ह्यातल्या भूमिहीन माणसाचे वर्ष आजही उसाच्या हंगामावर बेतलेले असते : चार-पाच महिने तोड, गुऱ्हाळ, वाहतूक, आणि उरलेले महिने मिळेल ते.

महाराजांनी दवाखान्याचे दारही उघडले. १९१९ साली हुकूम निघाला, की सरकारी दवाखान्यात अस्पृश्य रोग्याला इतरांसारखेच आदराने वागवावे आणि ज्या नोकराला हे पटत नसेल त्याने नोकरी सोडावी. मिरजेच्या अमेरिकन मिशनचे डॉक्टर जात न पाहता रोग्याला हात लावतात, मग आमच्या डॉक्टरांना काय होते, असा त्याचा रोख होता. आज ज्याला आपण सीपीआर म्हणतो ते तेव्हाचे आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. त्याच्या पायरीवर महाराचा, मांगाचा, चांभाराचा पाय हक्काने पडला तो या हुकुमामुळे. मात्र जातीची अडचण दूर झाली की पुढची अडचण दिसू लागते. दार उघडे आहे, पण आत जाऊन झोपायचे तर घरी चूल कशी पेटणार?

हा दुसरा प्रश्न बाबासाहेबांनी धरला. जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांच्या प्रसूती रजेचे विधेयक आले. मालकांची बाजू अशी, की भुर्दंड आम्ही का सोसायचा? बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून मोठा भार खरे तर सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केले. पण मालक बाईला कामावर ठेवतो तो तिच्यावर उपकार म्हणून नव्हे, त्याला त्यात फायदा दिसतो म्हणून. तेव्हा फायदा घेणाऱ्याने भारही घ्यावा. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, कायदा झाला. आजारपणाचा आणि बाळंतपणाचा खर्च ही बाईची खासगी बाब नाही, तो मालक आणि समाज यांच्या खात्यावर टाकता येतो, हे तत्त्व तिथे कायद्यात बसले.

पुढचा टप्पा १९४३. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. मार्च महिन्यात बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम दिले गेले आणि ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. व्हॉट्सॲपवर 'बाबासाहेबांनी ईएसआय कायदा केला' असे फिरते, ते थोडे दुरुस्त करून वाचावे. विधेयक मांडले गेले नोव्हेंबर १९४६ मध्ये, बाबासाहेब त्या खात्यातून गेल्यावर. एप्रिल १९४८ मध्ये ते मंजूर झाले तेव्हा मजूरमंत्री जगजीवनराम होते आणि प्रत्यक्ष योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. पण पाया बाबासाहेबांच्या खात्यात घातला गेला, आणि श्रेय द्यायला तेवढे पुरे आहे. उगाच वाढवून सांगितले की विरोधकाला खोडायला सोपे जाते.

या कायद्यातली मजुराच्या खिशाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वर्गणीची रचना. मजुराने थोडे द्यायचे, मालकाने जास्त द्यायचे. आणि ज्याची सरासरी रोजची मजुरी एक रुपयाहून कमी आहे त्याच्याकडून काहीच घ्यायचे नाही. त्याचा मालकाचा हिस्सा मात्र चुकत नाही. हे तत्त्व अजून जिवंत आहे. जुलै २०१९ पासून मजुराचा हिस्सा पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के आहे. महिना १२,००० रुपये मिळवणाऱ्याच्या पगारातून ९० रुपये जातात, मालक ३९० भरतो. त्या ९० रुपयांत बाह्यरुग्ण तपासणी, औषधे, कुटुंबाचे उपचार आणि आजारपणाच्या रजेत पगाराचा काही भाग हे सगळे येते. त्या दवाखान्यांच्या कारभाराबद्दल कामगारांच्या तक्रारी असतात, त्या असू देत. पण नव्वद रुपयांत इतके देणारा खासगी विमा कोणी दाखवावा.

आता कायद्याचे पहिलेच कलम वाचा. हा कायदा लागू कोणाला? 'हंगामी कारखाने वगळून' इतर सर्व कारखान्यांना. आणि हंगामी कारखाना म्हणजे कोणता? व्याख्येत यादी आहे : सरकी काढणे, कापूस व ताग दाबणे, भुईमूग फोडणे, कॉफी, नीळ, लाख, रबर, चहा, आणि साखर. साखरेपुढे कंस आहे, आणि कंसात लिहिले आहे : गुळासह.

केवळ एक कंस. पण त्या कंसात आपला सगळा कोल्हापूर जिल्हा बसला. काहिलीजवळ उभा राहणारा गुळव्या आणि चुलवाणात चिपाड लोटणारा गडी एरवीही सुटलेच असते, कारण गुऱ्हाळात दहा माणसे क्वचितच असतात. ऊसतोड मजूर तर कारखान्याचा नोकरच धरला जात नाही, तो मुकादमाचा माणूस. म्हणजे आधी शेती वगळली, मग लहान जागा वगळली, मग कंत्राटातली माणसे कागदावरून पुसली आणि यातूनही कोणी आत शिरेल म्हणून हंगाम वगळला. कारण प्रशासकीय सांगितले जाते : वर्षभर वर्गणी येत नाही, माणूस एका ठिकाणी राहत नाही, हिशेब ठेवायचा कसा? बरोबर आहे, हिशेब अवघड आहे. पण ऊस कोणाच्या शेतातून किती टन आला याचा हिशेब कारखाना किलोपर्यंत ठेवतोच की! तोडणाऱ्या हाताचा ठेवायची वेळ आली की वही सापडत नाही.

हंगामी कोण असतो? ज्याच्याकडे जमीन नाही तो. जमीन कोणाकडे नाही? याचे उत्तर जातीत आहे, आणि म्हणून हा कंस जातीच्या बाजूने तटस्थ नाही. बाबासाहेबांना हे दिसत होते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेती हा सरकारी उद्योग करा, जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक पद्धतीने कसायला द्या, असे मांडले. विमा हा सरकारचा एकाधिकार असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, हेही त्यात आहे. तो आयुर्विमा आहे, आरोग्य विमा नव्हे. पण 'प्रत्येक प्रौढ नागरिक' हे शब्द महत्त्वाचे. कारखाना, हंगाम, दहा माणसे अशी कुठलीच अट त्यात नाही.

त्याच सुमारास भोर समितीचा अहवाल आला, १९४६ साली. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, ही तिची भूमिका. तिच्या दीर्घ मुदतीच्या आराखड्यात दहा ते वीस हजार वस्तीमागे ७५ खाटांचे रुग्णालय होते. राधानगरी तालुक्याची लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास धरली तर एवढ्या एका तालुक्यात साडेसातशे ते दीड हजार खाटा होतात. ग्रामीण रुग्णालयाचा सरकारी साचा आज ३० खाटांचा आहे. युद्धाने कंगाल झालेल्या इंग्लंडने जुलै १९४८ मध्ये करातून चालणारी आरोग्यसेवा सुरू केली. आपल्यासारखे शेतमजूर ज्या देशात भरपूर आहेत त्या थायलंडने २००१-०२ मध्ये तेच केले. शेतकऱ्या-मजुरांकडून हप्ता गोळा करत बसण्यापेक्षा तिथल्या सरकारने करातून पैसा घातला आणि एका भेटीला फक्त ३० बाट ठेवले. आपल्याकडे मात्र कारखान्यातल्या कायम कामगाराला विमा आणि बाकीच्यांना राज्यघटनेचा अनुच्छेद ४७, ज्याच्या आधारावर कोर्टात दाद मागता येत नाही.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आयुष्मान भारत आहे. आहेत, आणि त्यातून माणसे वाचली आहेत, हे नाकारणे कोतेपणाचे होईल. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत दुसऱ्या नावाने सुरू झालेली ही राज्य योजना २०१७ मध्ये फुल्यांच्या नावाची झाली. २०२३ मध्ये संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. ज्यांच्या सावित्रीबाई १८९७ मध्ये प्लेगचे रोगी उचलता उचलता गेल्या, त्यांचे नाव योजनेला दिले हे चांगलेच. पण ती रुग्णालयात दाखल होण्याची योजना आहे. रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाची दर महिन्याची तपासणी, पोराचा ताप, कंबरेचे दुखणे, यांना तिच्यात जागा नाही. मजुराचे घर खिळखिळे होते ते याच न संपणाऱ्या बारीक खर्चाने. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क झाले, हे योग्य पाऊल. मात्र जिथे जायला बस आणि बुडालेला रोज लागतो, तिथे केसपेपर फुकट असून काम अर्धेच होते.

विमा ऑपरेशनला आणि मजुरी हजेरीला, अशी मांडणी केली की काय होते ते बीडने दाखवले आहे. ऊसतोडीत एक दिवस चुकला की 'खाडा' म्हणून दंड कापला जातो. पाळीचा त्रास, पाण्याची सोय नाही, संडास नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. रोज बुडू नये म्हणून बाईने अवयव दिला. खर्चाचे अंदाजपत्रक म्हणतात ते हेच, फक्त ते कुठल्या सभागृहात वाचले जात नाही.

मग पैसा कसा उभा करायचा? तेही इथे होऊन गेले आहे. १९६९ च्या माथाडी कायद्यात हमालाचा मालक रोज बदलतो, म्हणून मंडळ नेमले आणि मजुरीवर लेव्ही मालकांकडून घेतली. शेजारच्या निपाणीच्या विडी कामगार बायकांना १९७६ च्या कायद्याने विड्यांवरच्या उपकरातून दवाखाने मिळाले, घरी बसून विड्या वळणाऱ्यांनासुद्धा. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकरच रद्द झाला. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी टनामागे दहा रुपये कारखान्याने आणि तेवढेच सरकारने द्यायचे, असेही ठरले आहे. म्हणजे काट्यावर वजन होते तिथेच पैसा घेता येतो, हे सरकारलाही मान्य आहे.

रोजगार हमीच्या २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने वर्षाला दोनशे दिवस काम करणाऱ्या बाईची कमाई ६२,४०० रुपये. ईएसआयच्याच दराने तिचा हिस्सा वर्षाला ४६८ रुपये, उसाच्या धंद्याचा २,०२८. आणि १९४८ चेच तत्त्व लावले, की अगदी कमी मजुरीवाल्याकडून काही घ्यायचे नाही, तर तिचे ४६८ रुपयेही सरकारने भरावेत. ती साबणापासून चपलेपर्यंत सगळ्यावर जीएसटी भरतेच. करदाता फक्त पगारदार असतो हा एक शहरी गैरसमज आहे.

२०२० मध्ये संसदेने जुने कायदे मोडून सामाजिक सुरक्षा संहिता केली. गिग कामगार, प्लॅटफॉर्म कामगार असे नवे शब्द तिच्यात आले. ईएसआय कोणाला लागू, हे सांगणाऱ्या अनुसूचीत दहा माणसांची अट आहे, आणि तिच्याशेजारी १९४८ चे जुने शब्द जसेच्या तसे आहेत : हंगामी कारखाना वगळून.