वाढदिवसाला दोन टक्के

झाशीच्या सिविल लाइंसमध्ये राहणारा, २००४ नंतर रेल्वेत लागलेला एखादा मराठी माणूस छत्तिसावा वाढदिवस साजरा करतो, तेव्हा त्याच्या पेन्शनच्या पैशांतही काहीतरी घडत असतं. त्याने एनपीएसमध्ये ‘ऑटो चॉइस’चा मध्यम पर्याय घेतला असेल, तर पस्तिशीपर्यंत ५० टक्के असलेला शेअर्सचा वाटा त्या दिवशी ४८ वर येतो. पुढे दर वाढदिवसाला आणखी दोन टक्के कमी होतात, आणि पंचावन्नाव्या वर्षी १० उरतात. वर्षभरात बाजार चढून ५० चे ५६ झाले असतील, तर तेही त्याच दिवशी कापले जातात. त्याला कोणी विचारत नाही, आणि बहुतेकदा त्याला कळतही नाही. गुंतवणुकीचा तोल पुन्हा जागेवर आणण्याच्या या प्रथेला बाजारात रिबॅलन्सिंग म्हणतात.

पैशाचे वाटे पाडणं फार जुनं आहे. भागवतात शुक्राचार्य बळीराजाला धनाचे पाच वाटे करायला सांगतात. ज्यूंच्या तालमुदात तीन वाटे आहेत: एक जमिनीत, एक मालात, एक हाताशी. १७४२ मध्ये पेशव्यांचे सुभेदार म्हणून नारोशंकर झाशीत आले. त्या काळापासून इथे रुजलेल्या मराठी घराण्यांनाही जमीन, सोनं आणि सावकारीतला पैसा वेगवेगळा ठेवण्याची अक्कल कोणी शिकवायला नको होती. पण बिघडलेला वाटा मोजून पुन्हा पूर्वीच्या प्रमाणात आणायचा, हे या कशातच नाही. असणार कसं? इनामाच्या जमिनीचा भाव रोज संध्याकाळी कोण सांगणार? झाशीच्या इतिहासात मालमत्तेची एक मोठी अदलाबदल आहे खरी: १८८६ मध्ये इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत देऊन झाशी शहर घेतलं. तो राजकारणाचा सौदा होता. त्यात प्रमाण शोधायला जाऊ नये.

प्रमाणाचा जन्म भीतीतून झाला. सप्टेंबर १९२९ ते जुलै १९३२ या काळात अमेरिकेचा डाउ जोन्स निर्देशांक ८९ टक्के कोसळला. विद्यापीठांचे देणगीनिधी सांभाळणाऱ्या विश्वस्तांपुढे दोन्ही बाजूंनी संकट होतं. शेअर्स ठेवावेत तर पुन्हा तेच होईल, आणि सगळे पैसे रोख्यांत टाकावेत तर व्याजावर विद्यापीठ चालणार नाही. येल विद्यापीठाने तीसच्या दशकाच्या अखेरीस यावर एक सूत्र काढलं. सुरुवात ७० टक्के रोखे आणि ३० टक्के शेअर्स अशी. शेअर्स चढून ४० झाले की विकून ३५ वर आणायचे, आणि घसरून १५ झाले की घेऊन २० वर न्यायचे. मधल्या पट्ट्यात हात लावायचा नाही. पुढे बाजार कुठे जाईल, हा प्रश्नच बैठकीतून उठवून टाकला. माझ्या मते या प्रथेचं खरं मूळ इथे आहे. जास्त कमावण्यासाठी ती निघालीच नव्हती; आपल्याच मतावर विश्वास न उरलेल्या शहाण्या माणसांनी स्वतःला घातलेला तो लगाम होता.

बेंजामिन ग्रॅहम यांनी ती घरगुती गुंतवणूकदारापर्यंत आणली. ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ या पुस्तकात (पहिली आवृत्ती १९४९) निम्मे शेअर्स आणि निम्मे रोखे असा सोपा मार्ग आहे. शेअर्स ५५ टक्के झाले की त्यांचा अकरावा हिस्सा विकायचा, आणि ४५ वर आले की रोख्यांचा अकरावा हिस्सा काढून शेअर्स घ्यायचे. अकरावाच का? कारण ५५ मधले ५ म्हणजे नेमका अकरावा भाग. त्याच पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्तीत ग्रॅहम एक गंमतही नोंदवतात: पन्नासच्या दशकात बाजार चढत गेला, येलने आपलं गाजलेलं सूत्र सोडून दिलं, आणि १९६९ मध्ये त्यांच्याकडे ६१ टक्के शेअर्स होते. लगाम शोधणाऱ्यांनीच तो काढून ठेवला होता.

या प्रथेचं एक उलटं भावंडही आहे. ऐंशीच्या दशकात ‘पोर्टफोलिओ इन्शुरन्स’ नावाची पद्धत निघाली. भाव पडू लागले की विकायचं, आणखी पडले की आणखी विकायचं. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी डाउ एका दिवसात २२.६ टक्के पडला. त्या विक्रीच्या लोंढ्यात या पद्धतीचाही हात होता. पुढच्याच वर्षी आंद्रे पेरोल्ड आणि विल्यम शार्प यांनी दोन्ही पद्धती शेजारी मांडल्या. बाजार वरखाली हेलकावत मूळ जागी येत असेल, तर प्रमाण राखणाऱ्याचा फायदा. एकाच दिशेने धावत सुटला, तर तोटा. म्हणजे प्रमाण राखल्याने परतावा वाढतोच असं सांगणाऱ्या सल्लागाराला थोडं थांबवावं.

मग केव्हा करायचं? वर्षातून ठरावीक दिवशी, की प्रमाण पाच टक्क्यांनी ढळलं की? दुसरी रीत तर्काला धरून आहे, पण २०२० चा मार्च आठवा. जानेवारीत सेन्सेक्स ४२,००० च्या आसपास होता. २३ मार्चला, जनता कर्फ्यूच्या दुसऱ्या दिवशी, तो २५,९८१ वर बंद झाला. दहा लाख शेअर्समध्ये आणि दहा लाख ठेवींत असलेल्या माणसाकडे शेअर्सचे साधारण सहा लाख वीस हजार उरले. वाटा ३८ टक्के. नियम सांगणार, आज एक लाख नव्वद हजारांची एफडी मोड आणि शेअर्स घे. त्या आठवड्यात सिविल लाइंसमध्ये काय, मुंबईत काय, किती जणांचा हात धजावला असेल? तारखेची रीत ढोबळ आहे, पण वाढदिवस घाबरत नाही, म्हणून ती मला बरी वाटते.

आपल्याकडे एक अडचण ग्रॅहमच्या हिशेबात बसत नाही. घरातली बरीच मालमत्ता हलतच नाही: पीपीएफ पंधरा वर्षांचं, प्लॉटचा तुकडा पाडून विकता येत नाही, आणि सोन्याचा भाव वाढला म्हणून कोणी मंगळसूत्राचा अकरावा हिस्सा विकत नाही. जे हलतं त्यावर कर लागतो. जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकलेल्या शेअर्सच्या नफ्यावर २० टक्के आहे, आणि त्यानंतर विकल्यास वर्षाला सव्वा लाखापुढच्या नफ्यावर साडेबारा. एनपीएसच्या किंवा हायब्रिड फंडाच्या आत हीच अदलाबदल झाली, तर गुंतवणूकदाराला त्या वेळी कर भरावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सर्वात स्वस्त वाट म्हणजे काही न विकता नवा पैसा कमी पडलेल्या वाट्याकडे वळवणं. बोनस, थकबाकी, मुदत संपलेली ठेव यांतून ते जमतं. फक्त ठेवीच्या अर्जावर मुदत संपताच आपोआप नूतनीकरणाची खूण केलेली असते, आणि ती बदलायला आधी बँकेत जावं लागतं.