सात हजारांची शिष्यवृत्ती

गृहकर्जाच्या कागदांवर सह्या करकरून बोटं दुखली, त्या संध्याकाळी मला खर्डेकर आठवले. खाशाबा जाधवांचे प्राचार्य.

खाशाबा आपल्याला शाळेपासून माहीत असतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो गटात कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक वगैरे. पण हेलसिंकीला जायला पैसे कुठून आले? गावकऱ्यांनी वर्गणी काढली, ओळखीपाळखीच्यांनी हातभार लावला, तरी पुरेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी चक्क राहतं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. कॉलेजच्या एका माजी विद्यार्थ्यासाठी!

आता गंमत बघा. चारच वर्षं आधी, १९४८ ला, हेच खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. कुस्तीला राजाश्रय ही तिथली जुनी रीत. खासबाग मैदान शाहू महाराजांनीच बांधलेलं. मग मार्च १९४९ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण राजाचा हात गेला आणि त्याच्या जागी सरकारी योजना काही लगेच आली नाही. त्या मधल्या फटीत एका मास्तरांचं घर गेलं.

आता आहेत योजना. २०१४ साली सुरू झालेल्या 'टॉप्स'मध्ये निवडलेल्या खेळाडूला प्रशिक्षणाच्या खर्चाशिवाय महिन्याला ५०,००० रुपये हातखर्च मिळू लागला. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, पुढे रेल्वेत टीसी झाला आणि २०२४ ला पॅरिसहून नेमबाजीचं कांस्य घेऊन आला. महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. आकडा जरा जास्तच बोलका आहे, नाही?

पदक मिळाल्यावर लोक येतातच हो. खाशाबांची मिरवणूक निघाली ती म्हणे दीडशेच्या वर बैलगाड्यांची! (आणि अर्जुन पुरस्कार? तो मरणोत्तर, २००० सालचा. खाशाबा १९८४ मध्येच अपघातात गेले होते.) पण त्यांनी परत आल्यावर काय केलं, तर कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि आलेल्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं.

मला राहून राहून वाटतं ते वेगळंच. घर गहाण टाकताना खर्डेकरांसमोर पदक नव्हतं. होता तो फक्त लंडनचा निकाल: सहावा नंबर. मातीतला गडी, तिथे मॅटवर खेळून जगात सहावा. सहाव्या नंबरावर कुठली बँक कर्ज देईल? आणि हेलसिंकीतही सहावाच आला असता तर ते घर कोणी सोडवलं असतं, हे मी परवापासून बायकोला विचारतोय. ती म्हणते, आधी आपला हप्ता बघ.