अक्षरांचा भाव

नागपुरातल्या इतवारी स्टेशनचा रेल्वे कोड कितीतरी वर्षे तीन अक्षरांचा होता: आय, टी, आर. नागपूर स्टेशनचा एन, जी, पी. आता शब्दखेळ खेळणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न या दोन कोडांना विचारून पाहा. ही तीन अक्षरे याच क्रमाने, एकमेकांना लागून, कोणकोणत्या इंग्रजी शब्दांत येतात? इतवारीसाठी शब्द भराभर सुचतात: सिट्रस, नायट्रोजन, व्हिट्रिऑल, आर्बिट्ररी. नागपूरसाठी डोके खाजवावे लागते. मग कधीतरी किंगपिन सापडतो, आणखी बऱ्याच वेळाने गँगप्लँक. पुढे इतवारी स्टेशनला नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव मिळाले, इतवारीच्या कोडाआधी एक एन लागला, आणि त्या एका अक्षराने सिट्रस, व्हिट्रिऑल, आर्बिट्ररी बाद झाले.

एका कोडाला शब्द उदंड मिळतात आणि दुसऱ्याला मोजके, याचे कारण शोधत गेले तर वाट तारयंत्रापाशी पोचते. हे कोड मुळात तारेसाठीच होते. गाडी सुटल्याची वर्दी पुढच्या स्टेशनला द्यायची, तर पूर्ण नाव खटखटवत कोण बसणार? म्हणून मोजकीच अक्षरे. मोर्सच्या लिपीत आय म्हणजे दोन टिंबे, टी म्हणजे एक रेघ, आर म्हणजे टिंब-रेघ-टिंब. सगळ्या मिळून सहा खुणा. एन, जी, पी पाठवायला नऊ लागतात. अक्षरे दोन्हीकडे तीनच, पण तारबाबूच्या बोटांना नागपूर दीडपट महाग.

या खुणा मनाला येतील तशा वाटलेल्या नव्हत्या. जे अक्षर वारंवार लागते त्याला छोटी खूण, हे तत्त्व सॅम्युअल मोर्स आणि त्याचा सहकारी आल्फ्रेड वेल यांनी धरले होते. पण इंग्रजीत कोणते अक्षर किती लागते, हे कळायचे कसे? त्यांनी पुस्तके वाचत बसण्याऐवजी छापखान्यातले अक्षरांचे खिळे मोजले. मला या सगळ्या कुळकथेत हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. छापखानेवाला खिळे विकत घेताना इतवारीच्या बाजारातल्या किराणावाल्यासारखाच वागतो: ज्याचा उठाव जास्त, त्याचा साठा जास्त. शेकडो पाने जुळवून जे ज्ञान मुद्रकांच्या हाती आले होते ते खणांत भरून ठेवलेलेच होते. मोर्सच्या मोजणीत ई 12,000, टी 9,000, आय आणि एन प्रत्येकी 8,000, आर 6,200. जी आणि पी प्रत्येकी 1,700. आणि झेड अवघे 200. इतवारीचे पारडे नागपूरपेक्षा जड का, ते या आकड्यांत उघड दिसते. ई सर्वांत पुढे, म्हणून ईला एकच टिंब. पुढे युरोपात काही अक्षरांच्या खुणा बदलल्या, आपल्याकडे ती सुधारलेली लिपी वापरात राहिली, पण तत्त्व तेच.

अक्षरे मोजण्याची युक्ती त्याहून फार जुनी. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने गुप्त लेखन फोडण्यासाठी ती लिहून ठेवली. 1843 साली एडगर ॲलन पो याने ‘द गोल्ड-बग’ या कथेत पुरलेल्या खजिन्याचा कागद याच युक्तीने उलगडून दाखवला, आणि ती सामान्य वाचकांपर्यंत पोचली.

मंदीच्या काळात काम गेलेला एक अमेरिकन वास्तुविशारद, आल्फ्रेड बट्स, याच वाटेने गेला. खेळ तयार करायचा म्हणून तो वर्तमानपत्रांची पाने घेऊन बसला आणि हाताने अक्षरे मोजत राहिला. त्या मोजणीतून सोंगट्यांची संख्या आणि गुण ठरले. 1948 मध्ये जेम्स ब्रुनो याने तो खेळ ‘स्क्रॅबल’ या नावाने बाजारात आणला. शंभर सोंगट्यांत ई बारा, झेड एक आणि त्याचे गुण दहा. एस मात्र चारच, कारण प्रत्येक नामाला एस लावून अनेकवचन करत सुटले तर खेळात राम उरणार नाही. हा एक अपवाद फार विचाराने केलेला आहे. स्क्रॅबलमध्ये आय, टी, आर यांचे मिळून तीन गुण, एन, जी, पी यांचे सहा. तारबाबूला जे महाग होते ते खेळाडूलाही महागच पडते.

मग शब्द शोधणाऱ्यांनी आपली हत्यारे घडवली. त्यातले सर्वांत साधे असे: शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावायची. लिसन, सायलेंट, एनलिस्ट, टिन्सेल हे चारही शब्द असे मोडले की एकच क्रम उरतो: ई, आय, एल, एन, एस, टी. मग कोश शब्दांऐवजी या क्रमाने लावला की हातातल्या सहा सोंगट्यांतून काय काय होते ते एका ठिकाणी सापडते. 1973 च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसनने ‘ग्रेप’ हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. शब्दांची यादी द्यायची, अक्षरे सांगायची, ती अक्षरे असलेल्या ओळी तो काढून देतो. आजच्या मोबाइलवरच्या शब्दशोधकांची जात तीच. 2021 मध्ये जॉश वॉर्डलने ‘वर्डल’ लोकांपुढे आणले आणि अक्षर हवे, अक्षर नको असा शोध रोज सकाळी घरोघरी चालू झाला.

‘अक्षर नको’ या बाजूला आपली परंपरा मात्र मोठी दांडगी आहे. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्ताचे ओठ प्रियेच्या दातांनी दुखावलेले, म्हणून तो आपली सगळी हकिकत ओठांनी उच्चारायच्या ओष्ठ्य वर्णांशिवाय सांगतो. आणि मराठीत मोरोपंत. 1729 ते 1794 हा त्यांचा काळ. त्यांच्या रामायणांत एक ‘निरोष्ठ रामायण’ आहे. त्या काळी ना छापील यादी हाताशी, ना यंत्र. कोश कवीच्या डोक्यात, आणि चाळणीही तिथेच. ही चाळणी किती बारीक, हे बघायला आज ग्रेपला मराठी नावांची यादी द्यावी आणि फक्त प, फ, ब, भ, म ही पाच व्यंजने वर्ज्य करायला सांगावे. दशरथ आणि सीता राहतात. भरत जातो, लक्ष्मण जातो, हनुमान जातो, आणि ज्याचे रामायण सांगायचे तो रामही जातो. मग जानकीनाथ म्हणावे लागते.