बालपरवेशी : एका जुन्या शब्दाचा विचार

पेशवेकालीन दप्तरें चाळणाऱ्यांस ‘बालपरवेशी’ हा शब्द अपरिचित नाहीं. लढाईंत पडलेल्या सरदाराच्या अथवा शिपायाच्या मुलांचें पोषण व्हावें म्हणून सरकारांतून जी नक्त नेमणूक किंवा जमीन मिळे, तिची ही संज्ञा. शब्दाचा पूर्वार्ध संस्कृत असून उत्तरार्ध फारसी ‘परवरिश’ याचें मराठी रूप होय. या नेमणुकीचा विचार बहुधा सरंजामांच्या इतिहासाचें उपांग म्हणून होतो. आमच्या मतें तो मुलांच्या इतिहासाचा भाग आहे. पोरक्या मुलास सांभाळतांना राज्यसत्तेनें मोबदल्यांत काय मागितलें, हा त्यांतील खरा प्रश्न. आणि तो पाहण्यास पालघर, बोईसर व तारापूर हा पट्टा फार सोयीचा आहे.

तारापूर सोळाव्या शतकापासून फिरंग्यांच्या ताब्यांत होतें. त्यांची नीति १५५९ च्या राजाज्ञेवरून कळते. आईबाप व आजाआजी नसलेल्या हिंदु मुलांस ताब्यांत घेऊन ख्रिस्ती धर्मांत वाढवावें, असा गोव्यासाठीं हुकूम झाला. पुढें आई जिवंत असतांही केवळ बाप नसलेलें मूल अनाथ गणलें जाऊं लागलें. संगोपन होतें, परंतु त्याची किंमत धर्म ही होती.

१७३९ च्या जानेवारींत चिमाजी आप्पांच्या फौजेनें तारापूरचा कोट घेतला. त्या हल्ल्यांत बाजी भिवराव कामास आले. त्यांच्या मातुश्रीस गेलेलें सांत्वनपत्र इतिहासभक्तांस ठाऊक आहेच. अशाच प्रसंगांतून बालपरवेशीचा जन्म होतो. येथें धर्माची अट नाहीं, ही मोठी गोष्ट होय. परंतु दुसरी अट आहे : बापानें सरकारची चाकरी करितां देह ठेवलेला असावा. दुष्काळांत मेलेल्या कुळाचें किंवा डोंगरांतील वारल्याचें मूल या नेमणुकीच्या कक्षेंत येत नसे. सनद मुलाच्या नांवें असली तरी ती बापाच्या पराक्रमाची पोंच असे.

शास्त्र याहून उदार होतें. १९०५ त हस्तलिखित हातीं येऊन १९०९ त शामशास्त्री यांनीं छापिलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत, बाल, वृद्ध, व्याधित व अनाथ यांचें, तसेंच निराधार गर्भिणीचें व तिच्या अपत्यांचें भरण राजानें करावें असें सांगितलें आहे. बापाची चाकरी तेथें विचारलेली नाहीं. ग्रंथ व दफ्तर यांतील हें अंतर लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

तें अंतर कमी करण्याची खटपट विसाव्या शतकांत जगभर सुरू झाली. १९१९ त वॉशिंग्टन येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें प्रसूतिरक्षणाचा ठराव केला. हिंदी मजुरांचे प्रतिनिधि म्हणून ना. म. जोशी तेथें हजर होते. १९२८ त मुंबई कायदेमंडळांत डॉ. आंबेडकरांनीं प्रसूतिभत्त्याच्या विधेयकास पाठिंबा दिला, व १९२९ त मुंबई इलाख्यांत तसा कायदा झाला. तो गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांपुरताच होता. म्हणजे चाकरीची अट नव्या रूपानें कायमच राहिली. १९५२ च्या १०२ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय करारानें सामाजिक सुरक्षेच्या नऊ शाखांत कुटुंबभत्त्यास स्थान दिलें. १९८९ च्या बालहक्क संहितेनें सामाजिक सुरक्षा हा प्रत्यक्ष मुलाचा हक्क ठरविला. तिचा स्वीकार भारतानें १९९२ त केला. मुलांस किमान उत्पन्नाची शाश्वति असावी, अशी शिफारस २०१२ त झाली. परवेशीचें पात्र बाप नसून मूल होय, हें तत्त्व येथें प्रथम स्पष्ट झालें.

या तत्त्वाचें एक बीज याच भागांत रुजलें होतें. १९४५ त ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें केंद्र काढिलें व पुढें कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांत तें नेलें. मूल शाळेंत येत नाहीं, तर शाळा त्याच्या अंगणांत जावी, ही त्यांची ‘अंगणवाडी’. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं देशांत ३३ ठिकाणीं एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. युनिसेफचें साह्य लाभलेल्या या योजनेचीं केंद्रें आज त्याच नांवानें ओळखलीं जातात.

आज महाराष्ट्रांत ‘बालसंगोपन’ योजना आहे. अर्थ तोच, जुना फारसी अंश मात्र गेला. अनाथ व एकपालक मुलांस तींतून दरमहा २२५० रुपये मिळतात. परंतु प्रत्येक योजनेस दाखला, खातें व ठावठिकाणा लागतो. बोईसरच्या औद्योगिक वसाहतींत परप्रांतांतून मजूर येतात; जव्हार-मोखाड्याचीं कुटुंबें पाऊस सरतांच वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जातात. मुलाचें नांव एका गांवच्या वहींत व मूल दुसऱ्या गांवीं, असें झालें म्हणजे हक्क कागदावर राहतो. धर्म गेला, चाकरी गेली, आतां कागद ही अट उरली. ती सोडविणें हें राज्यकर्त्यांचें काम आहे. कारण कागद मुलामागें जावा, मुलानें कागदामागें जाऊं नये.

संग्राहकांस मात्र एक विनंती. इनामाच्या सनदा आपण जपतां; विधवांच्या व पोरक्या मुलांच्या नेमणुकींच्या फुटकळ याद्या बहुधा रद्दींत जातात. तारापूर, माहीम, जव्हार येथील घराण्यांत अशा याद्या आढळल्यास त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. कोणास मिळालें हें सनदा सांगतात. कोणास मिळालें नाहीं, हें त्या याद्या ताडून पाहिल्याशिवाय कळणार नाहीं.